बोटभर जागा

“काकू, शिवणीला बोटभर जागा सोडायची विसरले!” शरयू रडकुंडीला आली. वारलेल्या आईचं एकच लुगडं उरलं होतं, तेही कापून झालं. येणाऱ्या बाळाला आता गोधडी अपुरी पडणार होती.

देवळाच्या ओवरीत गोधडी शिकायला जमलेल्या बायकांना गोदाकाकू दर गुरुवारी एकाच पायरीची चिठ्ठी वाचून दाखवत. पूर्ण नक्षी मात्र शेवटपर्यंत गुपित ठेवत. शरयू तुकडे गुंडाळून उठू लागली.

“पूर्वरंगातच निघालीस? आख्यान तर ऐक!” काकूंनी शेवटची चिठ्ठी आजच उघडली. “प्रत्येक तुकड्याभोवती दुसऱ्या लुगड्याची पट्टी जोडा. दरवर्षी कुणीतरी विसरतंच गं, म्हणून तर ही पट्टी.”

शेजारी बसलेल्या शरयूच्या सासूबाईंनी पिशवीतून आपलं ठेवणीतलं लुगडं काढलं आणि टर्रकन काठ फाडला.

“घे. तुझी आई आणि मी, दोघी मिळून पांघरूण घालू बाळाला.”