हाव, काका

“मी म्हणतो, जो मतदान करत नाही त्याचं रेशनच बंद कराव सरकारनं,” जानराव म्हणाले.

“हाव, काका. बंदच कराव,” धम्मदीप म्हणाला.

दाराआड उभ्या असलेल्या मयुरीचा जीव जरा भांड्यात पडला. याच मुद्द्यावर मागच्या वर्षी मेहकरचा एक मुलगा बाद झाला होता. त्यानं नुसतं विचारलं होतं, मग त्याच्या लेकरांनी काय खायचं? जानरावांनी त्याला बसल्या जागी लोकशाही समजावून सांगितली, वर चहा पाजला आणि “कळवतो” म्हणून वाटेला लावलं. जानरावांचं “कळवतो” म्हणजे नाही, हे आता देऊळघाटात शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही माहीत झालं होतं.

जानराव पाणीपुरवठ्याच्या नोकरीतून निवृत्त झाले होते, मतं देण्यातून नाही. सरकार, पुढारी, सुना, जावई, भाजीतलं तेल, कशाबद्दलही विचारा, मत तयार. नाही विचारलं तर आणखी लवकर. मयुरीला पाहायला आलेला प्रत्येक मुलगा त्यांच्या कुठल्या ना कुठल्या मताला ठेचकाळून परत गेला. एक तर भरताला करडईचं तेल आवडत नाही म्हणाला, म्हणून गेला. मैत्रिणींची लेकरं शाळेत जायला लागली आणि हिचं लग्न एकदा निवडणुकीवरून मोडत होतं, एकदा वांग्यावरून. वैताग वैताग झाला होता तिला.

धम्मदीप मात्र कुणी सुचवलेलं स्थळ नव्हतं. जळगाव जामोदच्या एका दवाखान्यात तो रक्त तपासायचा, मयुरी नर्स होती. बुलढाण्याला दोघांचं एकत्र प्रशिक्षण झालं, तिथं त्यानं शिकवायला आलेल्या साहेबांनाच भर वर्गात “सर, हे चूक आहे” म्हणून सुनावलं होतं. तेव्हाच तो तिला आवडला. दोघांचं पक्कं ठरलं होतं. पण पळून जायचं नाही, बाबांनी हो म्हटल्यावरच लग्न करायचं, हेही ठरलं होतं. म्हणून तिनं त्याला फोनवर बजावून ठेवलं होतं, “बाबा काही बी बोलो, तू फक्त हाव म्हणजो. मायनं आजपर्यंत तसंच निभावलं.”

आणि तो बिचारा आल्या आल्या जय भीम घालून जो बसला, तो हावच म्हणत होता.

“सोयाबीनले भाव भेटलाच पाहिजे.”

“हाव, काका.”

“आन खायचं तेल स्वस्त झालं पाहिजे.”

“हाव, स्वस्तच झालं पाहिजे.”

“दोन्ही एका टायमाले होईन?”

“होईन ना, काका.”

जानरावांनी चष्मा काढून पुसला. पुन्हा डोळ्यांवर चढवून त्यांनी धम्मदीपला नीट न्याहाळलं.

“मी म्हणतो, म्हाताऱ्या माणसानं पोराच्या घरी राहूच नये.”

“नाहीच राहू, काका.”

शेजारी बसलेल्या त्याच्या आईनं मान वळवून लेकाकडे पाहिलं. ती त्याच्याच घरी राहत होती. धम्मदीपच्या कपाळावर घाम आला. दाराआड मयुरीनं डोळे मिटून घेतले.

“आन वांग्याच्या भरतात थोडी साखर टाकाव,” जानराव सावकाश म्हणाले. “चव येते.”

“हाव, काका. साखर तर पाहिजेच.”

भरतात साखर! जानरावांच्या तोंडून असलं बोलणं त्या घराच्या भिंतींनीही कधी ऐकलं नसेल. जानराव उठले. “बसा तुम्ही, जेवणाचं पाहून येतो,” असं पाहुण्यांना म्हणाले आणि तडक स्वयंपाकघरात आले. मयुरी त्यांच्या मागोमाग आत शिरली. चुलीपुढे तिची माय, सिंधूताई, भाकरी थापत होत्या.

“कळवतो म्हणून सांगतो त्याइले,” जानराव म्हणाले.

“काऊन?” मयुरीचा बांध फुटला. “आधीचे वाद घालत होते म्हणून नाही. हा एका शब्दानं आडवा गेला नाही, तरी नाही? बाबा, तुम्हाले पाहिजे तरी कसा माणूस?”

आवाज बैठकीत गेला असणार. जाऊ दे, तिला वाटलं. रागानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. राग बाबांचा होता, त्याहून जास्त स्वतःचा. चांगल्या भांडखोर माणसाला तिनंच पढवून मुकं केलं होतं.

जानरावही चिडलेले होते, पण या वेळी त्यांचा आवाज चढला नाही.

“भांडणारा परवडला वं पोरी. त्याच्या मनात काय हाय ते तरी समजते. हा तर सगळ्याले हाव म्हणते. मायसमोर मायले घराबाहेर काढा म्हटलं, तरी हाव. उद्या हा तुह्यासंगं सुखात हाय का नाही, तुले कसं समजन? ज्याच्या मनातलं कधीच काही समजत नाही, अशा माणसासंगं कोणी जिंदगी काढते का?”

खरं म्हणजे बाबांचं हे एक मत मयुरीला पटलं होतं, आणि त्याचाच तिला जास्त संताप आला.

जानराव सवयीनं बायकोकडे वळले.

“काय वं? बरोबर हाय ना मी म्हणतो ते?”

सिंधूताईंनी तव्यावरची भाकरी उलटली. पदराला हात पुसले आणि नवऱ्याकडे पाहिलं.

“मंग तुम्ही माह्यासंगं कशी काढली?”