कुलूप लावताना

फोन हातात घेतला तसा त्याचा अंगठा सवयीने पडद्याखालच्या गोल खाचेवर गेला, आणि फोन उघडला.

तो चपापला. फोन बायकोचा होता. बहिणीकडे राहायला गेल्यापासून तो आज पहिल्यांदाच या घरात आला होता, तेही तिने बोलावलं म्हणून. मधल्या काळात तिने दाराचं लॅच बदललं होतं. त्याला बेल वाजवून आत यावं लागलं. फोनमधला त्याचा अंगठा मात्र तसाच होता.

"माझा ठसा काढला नाहीस?"

"कुठून काढतात तो?" ती म्हणाली.

ती अतिदक्षता विभागात नर्स होती. तिथली यंत्रं तिने झोपेतही लावली असती. तिला एवढं ठाऊक नसेल यावर विश्वास ठेवावा की नाही, हे त्याला कळेना.

उद्यापासून हॉस्पिटलात औषधांच्या नोंदी फोनवरच्या ॲपमध्ये करायच्या होत्या आणि ते ॲप तिच्या फोनवर चालायला तयार नव्हतं. त्याला कारण तोच. फोन नवा असताना त्याने हौसेने त्याचा बूटलोडर अनलॉक केला होता, म्हणजे फोन सुरू होताना सगळ्यांत आधी जो दारवान जागा होतो त्यालाच रजा दिली होती, आणि आत स्वतःच्या पसंतीची सिस्टिम घातली होती. तेव्हापासून फोन चालू केला की आधी काळ्या पडद्यावर इशारा यायचा : या फोनवर भरवसा ठेवू नका.

"फोन निदान तोंडावर सांगतो," सासूबाई म्हणाल्या. त्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मटार सोलत होत्या. "बसलाच आहात जावईबापू, तर हात चालवा जरा." आणि त्यांनी मूठभर शेंगा त्याच्यापुढे सरकवल्या.

फोनमधले फोटो लॅपटॉपवर उतरत होते. त्याने एक शेंग उचलली.

"आधी सगळं बाहेर का काढतोयस?" बायकोने विचारलं.

"कंपनीची मूळ सिस्टिम परत घालायची, मग बूटलोडरला कुलूप. पण कुलूप लावलं की आतलं सगळं पुसलं जातं."

सासूबाईंचा हात थांबला. "कुलूप लावल्यावर घर रिकामं होतं? आतलं आत राहावं म्हणून लावतात ना कुलूप?"

"तसं नाही, आई. इतके दिवस दार उघडं होतं. मधे कोण आलं, काय ठेवून गेलं, फोनला माहीत नसतं. म्हणून तो सगळंच काढून टाकतो."

"चांगलं-वाईट निवडून नाही ठेवत?" बायको म्हणाली.

"निवडता येत नाही त्याला."

"हं," ती म्हणाली. ते फोनबद्दल होतं की आणखी कशाबद्दल, याचा तो विचार करत राहिला आणि हातातल्या शेंगेतले दाणे सालींच्या ढिगात टाकून बसला.

"अहो, दाणे इकडे!" सासूबाई ओरडल्या.

फोटो उतरले. नंबर, मेसेज सगळं आलं. तिने दोनदा पडताळून पाहिलं. ठशाची तेवढी प्रत निघत नाही, हे त्याला माहीत होतं.

मूळ सिस्टिम बसली. मग त्याने लॅपटॉपवरून कुलपाची आज्ञा दिली. फोनच्या पडद्यावर दोन ओळी उमटल्या : लॉक करू नका. लॉक करा. खूण पहिल्या ओळीवर होती. आवाजाच्या बटणाने खूण खाली न्यायची, बाजूच्या बटणाने पक्कं करायचं.

त्याने फोन तिच्यापुढे धरला. "तू दाब."

"उघडताना मला विचारलं होतंस?"

"नाही."

"मग लावपण तूच."

होत नाहीये, असं तो म्हणाला असता तर दोघींपैकी एकीलाही कळलं नसतं. फोन तसाच राहिला असता, आत तो राहिला असता, आणि उद्या वॉर्डात काय करायचं ते तिचं तिने बघितलं असतं. त्याने तिच्याकडे पाहिलं. ती पडद्याकडे पाहत होती, मॉनिटरवरच्या रेषेकडे पाहावं तशी.

त्याने खूण खाली नेली आणि बटण दाबलं.

फोन विझला. पुन्हा लागला. इशारा आला नाही. तो यायची वाट बघत तिघंही क्षणभर थांबली. मग दुकानातून आणल्यासारखा कोरा पडदा उजळला आणि फोन तिला एकेक गोष्ट विचारू लागला : भाषा कोणती, नाव काय. ती उत्तरं देत गेली. हॉस्पिटलचं ॲप उतरवलं. ते मुकाट्याने चालू झालं.

"झालं तर मग," तो म्हणाला. लॅपटॉप बंद करायला हात पुढे गेला, पण फोटो अजून त्यातच होते; त्याने तो बंद केला नाही.

आता फोन बोटाचा ठसा मागत होता. तिने आपलं बोट खाचेवर टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं. पडद्यावरचं वर्तुळ भरत भरत पूर्ण झालं. त्याखाली दोन बटणं आली. एकावर होतं : पूर्ण झाले. दुसऱ्यावर : आणखी एक बोट जोडा.

तिने फोन टेबलावर ठेवला, दोघांच्या मधोमध. कुठलंच बटण दाबलं नाही.

"अगं, दाब काहीतरी," सासूबाई म्हणाल्या, "विझेल तो."

पडदा मंद होऊ लागला. तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की मटाराने ओला झालेला अंगठा तो मघापासून पँटवर पुसतोय.