दयारामचं पान

दयारामनं हाक मारली, तशी त्याची बहीण कोकिळा पान वाढून घेऊन आली. भात, कढी, उडदाचा वडा. गजांच्या फाटकाखालून तिनं ते हळूच बाहेर सरकवलं आणि चार पावलं मागं झाली.

"कोकिळे, मी जेवाले नाही आलो वं. तुले पाहाले आलो. फाटक उघड."

"जेवून घे, दादा." तिनं हात जोडले.

दयारामला काही उमजेना. डोणगावच्या शिवारातल्या या मळ्याकडे यायला निघाला, की दरवेळी तिचे यजमान उत्तमराव त्याला वाटेतूनच परतवायचे. बहिणीनं तुमचं नाव टाकलं म्हणायचे. अशी पाच वर्षं गेली. आज ते मेहकरला गेलेले पाहून तो आला होता.

कोकिळेच्या मागून चौदा वर्षांची छकुली डोकावली. "आई, मामा तर करोनात गेला ना?"

"गेला, बाई. तुह्या बाबांनीच तर अग्नी देल्ला. आता पितरांचे दिवस आहेत, म्हणून आला."

दयारामनं गजांतून हात आत घातला. "अवं, मी जिता आहो. हात लावून पाह्य."

छकुलीनं आईचा हात घट्ट धरला. "बाबा म्हणतात, पितर असंच म्हणतात. हात लावला का सोबत नेतात."

किल्ली कोकिळेच्याच कमरेला होती.

त्यानं पिशवीतून टाळ काढले. लहानपणी दोघं कीर्तनात बुवांच्या मागं उभे राहायचे, त्याच चालीत त्यानं रामकृष्णहरी धरलं. कोकिळेचे डोळे मिटले. तळवे आपसूक वाजू लागले. गात गात ती पार फाटकापर्यंत आली.

"तिकडंही कीर्तन होते वाटते," ती म्हणाली. "बरं झालं. करमत असन तुले."

टाळ थांबले.

"जेव ना, दादा. पाच सालं झाले, तुह्या पानाले सांजपर्यंत कावळा शिवत नाही. अन् तोवर माह्या तोंडात पाणी जात नाही. काऊन अडकला तुहा जीव? माह्यात? मी बरी आहो. सुखात आहो."

तिचे ओठ सुकले होते. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत घसरत होत्या.

दयाराम मातीत मांडी घालून बसला. पान ओढलं आणि पहिला घास घेतला.

कोकिळा लगबगीनं आत जाऊन आपलं ताट घेऊन आली. फाटकाच्या आतल्या बाजूला बसून भुकेजल्या लेकरासारखी जेवली.

"पुढच्या सालीही असाच लवकर येजो," ती म्हणाली.