बकुळीखालची जागा

अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले निवृत्त प्रिन्सिपॉल देवस्थळी डोंबिवलीच्या घरात खिडकीतून अंगणातल्या बकुळीकडे बघत होते.

"सूनबाई, मला जरा त्या झाडाखाली नेऊन बसव गं. इथे जीव गुदमरतोय."

"झाडाखाली बसून माणूस रडका होतो, मामंजी," मंदाकिनी म्हणाली.

ते चमकले. "हे तर मी कॉलेजात पोरींना म्हणायचो!"

"मलाच म्हणाला होतात. आई गेली तेव्हा मी कॉलेजच्या बकुळीखाली जाऊन बसायचे. तिथेच काय तो धड श्वास घेता यायचा. तुम्ही मला सगळ्यांदेखत उठवलंत आणि कल्याणच्या मिलिटरी कॅम्पातली काटेरी तार आणून झाडाभोवती लावलीत."

"तू माझी विद्यार्थिनी? मग आम्ही बघायला आलो तेव्हा बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर पसंत केली असतीत?"

तिने खिडकी ओढून घेतली आणि कडी लावली.

"तीन स्थळं सांगून आली होती, मामंजी. तुमच्या मुलाचा फोटोसुद्धा मी पाहिला नाही. त्याच्या वडिलांचं नाव ऐकलं आणि हो म्हटलं."