लागलं

फुचूच्या मैदानावर आज शेवटची शर्यत होती. घोड्यावर पैज लावायचं माणशी एकच तिकीट मिळे. तोमेकिचीने ते सहा नंबरच्या मरतुकड्या घोडीचं काढलं.

"अरे, ही जन्मात कधी पहिली आली नाही!" शेजारचा यासाकु हसला.

"म्हणूनच तर."

नेमकी घोडी पहिली आली. तोमेकिची मटकन खाली बसला.

"लागलं की रे तुझं, गाढवा!" म्हणत यासाकु स्वतःचं तिकीट फाडायला निघाला. तोमेकिचीने त्याचा हात धरला.

"फाडू नको. माझं घे, तुझं दे."

"खुळा झालास? माझं लागलं नाहीये!"

"तेच पाहिजे, दादा. पोरगा उद्या चीनला लढाईवर चाललाय. कमरपट्ट्यात न लागलेलं तिकीट शिवलं, की गोळी लागत नाही म्हणतात."