पश्चिमेची खिडकी

शिरूरला पोपटरावांच्या जागेवर सहामजली इमारत होणार होती, आणि स्वतःच्या फ्लॅटला त्यांना पश्चिमेकडं भिंतभर काच हवी होती. “वीजबचतीच्या नियमात बसत न्हाई, आबा,” इंजिनिअर इम्तियाज म्हणाला. “दुपारनंतर घराची भट्टी होईल. वाऱ्यासाठी उत्तरेला मोठी खिडकी देतो.” “वारं कुणाला पाहिजे?” पोपटराव म्हणाले. पश्चिमेला नुसतं एसटी स्टँडचं फाटक होतं. चार वर्षांपूर्वी लेक तिथूनच दौंडच्या गाडीत बसली, मनासारखं लग्न करून मोकळी झाली. तिचं नाव घरात काढायचं नाही, हा हुकूम पोपटरावांचाच. “बरं, काच लहान कर,” ते शेवटी म्हणाले, “पण फाटक दिसलं पाहिजे. हिला बसून बघता यावं.” त्यांनी बायकोकडं, मालनबाईंकडं, बोट दाखवलं. बसल्यावर डोळे किती उंचीवर येतात ते मोजायला इम्तियाजनं टेप काढला. पोपटराव चटकन खुर्चीत ताठ बसले. मालनबाई हसल्या. “माझ्यासाठी ना? मग टेप तुमच्या डोळ्यांना का?”