घरी भाजले

लॉन्ड्रीतल्या वाफेच्या प्रेसमध्ये तिचा उजवा हात भाजला, त्याला तिसरा दिवस. सुपरवायझर हॉस्पिटलात आले, खाटेशेजारी बसले आणि मायेने म्हणाले, "ताई, इथे डावा अंगठा उठवा, भरपाईचं काम मार्गी लागेल." तिने अंगठ्याला शाई लावलीसुद्धा. तेवढ्यात सासूबाईंनी कागद ओढला आणि अख्ख्या वॉर्डाला ऐकवला, "घरी स्वयंपाक करताना भाजले. कंपनीचा संबंध नाही." सुपरवायझर चुळबुळले. "आजी, ही नुसती पद्धत असते." "पद्धत? अहो, स्वयंपाक मी करते! ही उजाडताच तुमच्याकडे येते, अंधार पडल्यावर सुटते. घरी भाजायला वेळ तरी ठेवलात का हिला? घ्या नवा कागद. मशीन महिनाभर बिघडलेलं होतं, तेही लिहा." "लिहितो की, पण पेन विसरलो," सुपरवायझर खिसे चाचपत म्हणाले. शेजारच्या खाटेवरून, समोरून, दारातल्या नर्सकडून एकदम तीन पेनं पुढे आली.